‘निवांत’ची फाईल

कोणत्याही शब्दाचा अर्थ त्याच्या विरुद्धार्थी शब्दावरून कळतो. अंधार नसता तर उजेडाला कुणी विचारलं नसतं आणि सासर नसतं तर माहेराचं एवढं कौतुक झालं नसतं. हा सिद्धान्त कुणाचा आहे ते मला सापडलं नाही. बहुधा माझाच असावा, म्हणजे तो चुकीचा असण्याचीही शक्यता आहे. परंतु आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीनं तो सात विरुद्ध शून्य मतांनी मंजूर केलेला असल्यामुळे मी तो इथे बिनदिक्कत मांडतो.

आमचं मंडळ दक्षिण दिल्लीतल्या मराठी कुटुंबांचं. कुटुंबं चौसष्ट. त्यांतली निम्मी केंद्र सरकारातून निवृत्त झालेल्यांची आणि उरलेली गुडगाव-नोएडाच्या कंपन्यांत असलेल्यांची. पहिल्यांना वेळ भरपूर असतो, दुसऱ्यांना मुळीच नसतो, आणि तरीही दोघं सारख्याच घाईत असतात. असं ऐक्य दुसऱ्या कोणत्याही मंडळात आढळत नाही (मी दुसरी मंडळं पाहिलेली नाहीत).

गेल्या गणपतीत मुलांची शब्दस्पर्धा झाली. दुसरं कुणी मोकळं नसल्यामुळे परीक्षक मी होतो. कृतिका नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीला मी विचारलं, “निवांतच्या विरुद्ध काय?”

तिनं विचार केला आणि म्हणाली, “पापा.”

मी अर्धा गुण दिला. तिचे वडील मानस त्या वेळी दाराशी एक फोन कानाला आणि दुसरा हातात धरून उभे होते. ते तसेच माझ्यापर्यंत आले.

“काका, हाफ मार्क का? आन्सर तर बिल्कुल करेक्ट आहे,” ते म्हणाले. मग फोनवर कुणाला तरी “एक सेकंद हं” म्हणून त्यांनी मला हळूच विचारलं, “निवांत म्हणजे चिल ना, काका?”

मी हो म्हणालो. नाही म्हणण्याचा मला सराव नाही.

या घटनेची मंडळानं गंभीर दखल घेतली. दिल्लीत वाढणाऱ्या मुलांचे मराठी शब्द हरवत चालले आहेत, सबब विरुद्धार्थी शब्दांची एक पुस्तिका काढून ती संक्रांतीच्या कार्यक्रमात मुलांना वाटावी, असं ठरलं. पुस्तिकेत दोनशे जोड्या असाव्यात असंही ठरलं. सुरुवात अर्थातच निवांतपासून केली. दुसरा शब्द अजून ठरायचा आहे.

त्यासाठी तिघांची समिती नेमली. समितीचे अध्यक्ष सुधाकरराव. ते ज्या मंत्रालयातून उपसचिव म्हणून निवृत्त झाले त्याचं नाव नंतर दोनदा बदललं, पण सुधाकरराव बदललेले नाहीत. तोंडी सांगितलेली गोष्ट त्यांना ऐकू येत नाही. ती कागदावर लिहून, वर ‘विचारार्थ सादर’ असं घालून दिली की स्वच्छ ऐकू येते. सचिव हेमांगीताई. त्या सभेचं इतिवृत्त सभेच्या आदल्या दिवशीच लिहून सर्वांना पाठवतात. यामुळे सभेत वेळ जात नाही. आपण काय बोलणार आहोत ते आपल्याला आधीच कळलेलं असतं आणि तेवढंच बोलून घरी जाता येतं. तिसरा मी. मी तीस वर्षं एका कार्यालयात अनुवादक होतो आणि मंडळाचं पुस्तकांचं कपाट माझ्याकडे असतं, म्हणून मला भाषातज्ज्ञ नेमण्यात आलं. मी तसा नाही, हे मी लिहून दिलं होतं. ते फाईलला लावलं आहे.

शब्द गोळा करण्याचं काम अपेक्षेपेक्षा लवकर झालं. उतावळा, घायकुता, धांदरट, चिडखोर, तापट, धास्तावलेला, कातावलेला, आग्रही, ताठर, काटेकोर, कडक, टोकाचा चिकित्सक असे एकूण बेचाळीस शब्द आले. लोकांनी ते इतक्या झटपट दिले की प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर कुणीतरी असावं. माझी पत्नी प्रभा हिनं पोळ्या लाटता लाटता अकरा शब्द सुचवले आणि प्रत्येक शब्दाच्या वेळी माझ्याकडे पाहिलं. मी ते मुकाट्यानं उतरवून घेतले. पुढे ‘शिस्तप्रिय’ हा शब्द सुधाकररावांनी वगळला, कारण तो दोष नसून भूषण आहे. ‘काटेकोर’ राहिला, त्याविरुद्ध हेमांगीताईंनी भिन्नमत नोंदवलं (पानं तीन, समास दोन्ही बाजूंना दीड इंच).

एका बाजूला एकटा निवांत आणि समोर एक्केचाळीस. ज्यांनी ही भाषा घडवली त्यांना आमचं मंडळ ठाऊक होतं की काय, असं मला त्या दिवशी वाटून गेलं.

इथवर सर्व सुरळीत होतं. मग नियमावली आली.

मंडळाचा एक जुना नियम आहे. तीन वर्षांपूर्वी स्मरणिकेत ‘आमचे खवय्ये’ म्हणून एका सदस्याचा फोटो छापला गेला आणि त्या सदस्यानं आठ महिने कुणाच्या घरी काही खाल्लं नाही. तेव्हापासून कुणाचाही कोणताही गुण छापायचा असेल तर त्याची लेखी संमती लागते. आणि मुलांना शब्द नीट कळावा म्हणून प्रत्येक शब्दापुढे आपल्यातलंच एक जिवंत उदाहरण द्यायचं, असं समितीनं ठरवलं होतं. दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्यावर एक फॉर्म आपोआप तयार झाला. नमुना वि-१, तीन प्रतींत. रकाना पहिला: आपण स्वतः कोणत्या शब्दाखाली मोडता? रकाना दुसरा: उरलेल्या एक्केचाळीस शब्दांसाठी आपण कोणाचं नाव सुचवाल? (गोपनीय.) रकाना तिसरा: आपण शेवटचे घाईत केव्हा होता? रकाना चौथा: अभिप्राय. मुदत पंधरा दिवस.

चौसष्ट कुटुंबांना चौसष्ट फॉर्म गेले. त्रेसष्ट परत आले. त्यांचं पृथक्करण मी केलं, ते असं:

स्वतःला निवांत म्हणवणारे एकसष्ट. प्रश्नाबाबत खुलासा मागणारा एक. ‘निवांत’ लिहून त्याखाली दोन रेघा मारून ‘तातडीचे’ असं लिहिणारा एक. पहिल्याच दिवशी फॉर्म पाठवणारे चाळीस. पोचला का म्हणून फोन करणारे सतरा. पोचल्याची लेखी पोच मागणारे नऊ, आणि ती पोच मिळाल्याची पोच देणारे दोन. एका गृहस्थांनी आपला निवांतपणा ईमेलनं, कुरिअरनं आणि स्वतः येऊन असा तिन्ही मार्गांनी कळवला. त्यांची गाडी खाली चालूच होती.

दुसऱ्या रकान्यात सर्वांत जास्त वेळा कुणाचं नाव आलं, ते गोपनीय आहे. (बावीस वेळा. त्यांपैकी एक फॉर्म माझ्याच घरच्या पत्त्यावरून आलेला होता.)

चौसष्टावा फॉर्म अविनाशचा. तो आला नाही.

सुधाकररावांनी सर्व कागद पाहिले आणि चष्मा काढला. “पंधरा दिवसांच्या आत ज्यानं ‘मी निवांत आहे’ असं तीन प्रतींत लिहून दिलं तो निवांत नाही, एवढं उघड आहे,” ते म्हणाले. “म्हणजे उरले अविनाश. पण त्यांचा फॉर्म नाही. फॉर्म नसताना त्यांना निवांत म्हणता येणार नाही.”

“आणि त्यांनी फॉर्म भरला तर?” हेमांगीताईंनी विचारलं.

सुधाकररावांनी चष्मा परत घातला. “तो मुद्दा फॉर्म आल्यावर घेऊ,” ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, “ते तुमचे मित्र ना?”

इतिवृत्तात पाहिलं तर मी ‘होय, मी आणतो’ असं आदल्या दिवशीच म्हणून बसलो होतो.

अविनाश आणि मी आर. के. पुरममध्ये एकाच ब्लॉकच्या दोन टोकांना राहतो. आम्ही दोघंही निवृत्त झालो तेव्हा सरकारी क्वार्टर सोडलं. मग माझ्या मुलीला, वृंदाला, सरकारी नोकरी लागून इथेच क्वार्टर मिळालं आणि त्याच्या मुलालाही मिळालं, तेव्हा आम्ही दोघं पुन्हा ब्लॉकच्या त्याच बागेत येऊन बसलो. हिवाळ्यात साडेअकराच्या सुमारास धुकं उठतं आणि तीनपर्यंत बागेच्या एका कोपऱ्यात ऊन असतं. बायका सतरंजी टाकून मटार सोलतात. अविनाश बाकावर शेंगा घेऊन बसतो. ऊन सरकतं तसे इतर सगळे खुर्च्या उचलून त्याच्यामागे सरकतात. अविनाश सरकत नाही. त्यानं असा बाक निवडला आहे की ऊन शेवटी तिथेच येतं. ते येईपर्यंत तो सावलीत बसतो.

सात हिवाळे मी दुपारचे दोन तास त्याच्या शेजारी बसलो आहे. आम्ही फारसं बोलत नाही. माझ्याशी न बोलता दोन तास बसू शकणारा माणूस मला दुसरा मिळालेला नाही. बोलून बसणारेही कमीच आहेत.

पहिल्या दिवशी मी फॉर्म दिला. “ठेव इथं,” तो म्हणाला. थोड्या वेळानं पाहिलं तर त्यावर शेंगांची टरफलं साचली होती. टरफलांचा ढीग होईल तसतसा तो कागदाच्या कडा वर वळवत होता. हे त्यानं इतकं व्यवस्थित केलं की मला आक्षेप घेता आला नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुसरा फॉर्म नेला. “भरलास का?”

“भरू की. तो कुठं पळतोय.”

“मुदत संपलीय, अविनाश.”

“मग आता काय घाई?”

मी घरी जाऊन स्मरणपत्राचा मसुदा केला.

स्मरणपत्र क्रमांक एक गेलं. मग दोन. क्रमांक तीनवर ‘अंतिम’ असं लिहिलं होतं, चारवर ‘निर्वाणीचे’. सगळी मीच पोचवत होतो. मी पेन नेलं, मग क्लिपवाला पुठ्ठा नेला, मग त्याला लिहायचा त्रास नको म्हणून प्रश्न मोठ्यानं वाचू लागलो.

“रकाना तिसरा. शेवटचे घाईत केव्हा होता?”

अविनाशनं शेंग सोलायची थांबवली. “वीणाला ऍडमिट केलं तेव्हा,” तो म्हणाला. “चार मजले धावत चढलो रे. लिफ्ट होती शेजारी. दिसलीच नाही. वर गेलो तर ती चहा पीत बसली होती. मला म्हणाली, आधी बसा जरा.” त्यानं दोन दाणे माझ्या हातावर ठेवले. “तेव्हापासून बसलोय.”

उत्तरासाठी फॉर्मवर जागा दीड इंच होती. मी ‘आठ वर्षांपूर्वी’ असं लिहिलं आणि पुढच्या रकान्याकडे वळलो. हे मी का केलं ते मला सांगता येत नाही. बाण काढलेला होता, त्यामुळे वळलो.

“पंडित,” तो म्हणाला (मी पंडित नाही, तो मला चिडवायला म्हणतो), “तू पूर्वी बरा बसायचास.”

जानेवारी उजाडला. सुधाकररावांचं टिपण आलं: पुस्तिका शुक्रवारी छपाईला जाणार, तोवर फॉर्म न आल्यास ‘निवांत’ ही नोंद उदाहरणाअभावी वगळण्यात येईल. मग एक्केचाळीस शब्द कशाच्या विरुद्ध आहेत, असा प्रश्न मी लिहून विचारला. ‘स्वयंस्पष्ट आहे’ असा शेरा मारून तो कागद परत आला. कृतिकेच्या हातात ती पुस्तिका पडेल आणि तिच्यात तो एकच शब्द नसेल, या विचारानं मला दोन दिवस जेवण गेलं नाही. तेव्हा प्रभानं बारावा शब्द सुचवला.

मंगळवारी अविनाश बाकावर नव्हता. बुधवारीही नव्हता. ऊन आलं, त्याच्या बाकावर तासभर थांबलं आणि गेलं.

गुरुवारी सकाळी आठलाच, धुक्यात, मी त्याच्या दारावर गेलो. वीणावहिनींनी दार उघडलं.

“बरा आहे ना तो?” मी विचारलं.

“बरे आहेत की. झोपलेत अजून.” त्यांनी आधी माझ्याकडे आणि मग माझ्या हातातल्या पुठ्ठ्याकडे पाहिलं. “भाऊजी, खरं सांगू? ते हल्ली पलीकडच्या सेक्टरात जाऊन बसतात. तुम्हाला सांगू नको म्हणालेत. म्हणजे, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.”

वाईट वाटलं. चहा घ्या म्हणाल्या, तर मी घाईत असल्याचं सांगितलं.

दुपारी साडेबाराला मी पलीकडच्या सेक्टरात निघालो. बस येत होती, पण मी थांबलो नाही. तीन बागा, मदर डेअरीचं एक दूधकेंद्र आणि एक बंद शाळा चालत पालथी घातली. शेवटी एका पाण्याच्या टाकीमागच्या ओट्यावर तो दिसला. तिथे ऊनही धड नव्हतं. मला धाप लागली होती. त्यानं पाहिलं, थोडा सरकला आणि शेंगांची पिशवी मध्ये ठेवली.

मी बसलो. पुठ्ठा मी वाटेत कुठे ठेवला ते मला आठवेना. नंतर कळलं की मदर डेअरीच्या काउंटरवर.

एक मुंगूस ओट्याखालून गेलं. एक बाई गच्चीवर गालिचा झटकत होती, तिनं तो पूर्ण झटकला. अकरा मिनिटं झाली (मी घड्याळ पाहिलं होतं, हे कबूल करतो).

“विचार की,” अविनाश म्हणाला.

“काय?”

“फॉर्म.”

“राहू दे.”

“आँ?”

“राहू दे रे. नाही तर नाही. उद्यापासून तिकडे ये बसायला. इथं थंडी आहे.”

अविनाशनं माझ्याकडे जरा नीट पाहिलं. मग स्वेटरच्या आतल्या खिशातून एक चौकोनी घडी काढली. तेलाचे डाग पडलेला, कडा वर वळलेला, पहिल्याच दिवशीचा फॉर्म. “हा केव्हाच भरलाय,” तो म्हणाला. “द्यायचा राहिला.”

पहिल्या रकान्यात काही नव्हतं. अभिप्रायाच्या रकान्यात दोनच शब्द होते: ‘नंतर सांगतो.’ आणि दुसरा रकाना, ज्यात त्रेसष्ट कुटुंबांनी दुसऱ्यांची नावं लिहिताना पुरवणी कागद जोडले होते, तो त्यानं कोरा ठेवला होता.

मी तो रकाना बराच वेळ पाहत होतो.

“चष्मा विसरलास का?” त्यानं विचारलं.

समितीनं त्या दोन शब्दांवर लागोपाठ दोन सभा घेतल्या. हे उत्तर आहे की उत्तराचा अभाव, यावर एकमत होईना. अखेर छापखान्याचा फोन आला आणि जसं होतं तसं गेलं. पुस्तिकेच्या पहिल्या आणि एकमेव पानावर आता असं आहे: ‘निवांत – नंतर सांगतो (एक ज्येष्ठ सदस्य).’ त्याखाली एक्केचाळीस शब्द, आणि उदाहरणांच्या जागी ‘संमती अप्राप्त’ एक्केचाळीस वेळा.

प्रकाशन कस्तुरबा गांधी मार्गावरच्या अतिथिगृहातल्या छोट्या हॉलमध्ये झालं. कार्यक्रम चारचा होता; बहुतेक सगळे सव्वातीनलाच आल्यामुळे तो तीन चाळीसला सुरू झाला आणि चारला संपला. चारला वेळेवर आलेल्या दोन कुटुंबांना उशीर केल्याबद्दल ऐकून घ्यावं लागलं. अविनाश साडेपाचला आला. भांडी आवरली जात होती, म्हणून त्याच्यासाठी चहा नव्यानं करावा लागला. त्या दिवशी गरम चहा मिळालेला तो एकटाच.

कृतिका पुस्तिका घेऊन त्याच्याकडे गेली. “आजोबा, हे तुम्ही लिहिलं? नंतर म्हणजे कधी?”

“बस इथं,” अविनाश म्हणाला आणि बाजूची खुर्ची ओढली. ती बसली. त्यानं खिशातून शेंगा काढल्या. दोघं त्या सोलू लागली. मीही तिसरी खुर्ची ओढली.

थोड्या वेळानं दारातून मानस म्हणाले, “कृतिका, चलो, लेट होतंय.”

तिनं मान वळवली नाही. “नंतर येते, पापा,” ती म्हणाली.

मानस यांनी हातातल्या दोन्ही फोनांकडे पाहिलं, मग आत येऊन उभे राहिले. बसले नाहीत, पण भिंतीला टेकले. राहिलेला अर्धा गुण मी त्याच दिवशी तिच्या नावावर चढवला. तो कुणाच्या मंजुरीनं, असं सुधाकररावांनी लेखी विचारलं आहे. त्यांना नंतर सांगीन.

पुढच्या आवृत्तीसाठी नमुना वि-१ आता मंडळाबाहेरच्या वाचकांनाही खुला केला आहे. तो भरलाच पाहिजे असं नाही, आणि या वेळी मुद्दामच मुदत ठेवलेली नाही. तरीही इथवर येताना ज्यांनी ही गोष्ट अजून किती उरली आहे हे एकदा खाली पाहून घेतलं, त्यांनी फॉर्म पाठवण्याची तसदी घेऊ नये. त्यांची नावं एक्केचाळीस शब्दांपुढे योग्य त्या जागी भरण्यात आली असून, त्यांची संमती गृहीत धरली आहे.